थीसिस की कॅपस्टोन? लिबरल स्टडीजचं एमए करणाऱ्यांसाठी

सात-आठ कोर्स होईपर्यंत कुणी काही विचारत नाही. एका सत्रात ग्रीक शोकांतिका, पुढच्यात हवामानबदल, त्यापुढच्यात जॅझ. दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग. मग एक दिवस फॉर्म समोर येतो: थीसिस, म्हणजे संशोधनाचा प्रबंध, करणार की कॅपस्टोन, म्हणजे शेवटचा प्रकल्प? अमेरिकेत लिबरल स्टडीजचं एमए अर्ध्याहून पुढे आणलेल्यांसाठी हे लिहिते आहे. मी थीसिस केला, माझ्याबरोबरच्या मैत्रिणीने कॅपस्टोन.

आधी तुमच्याकडे निवड आहे का ते बघा. वेस्लियन विद्यापीठाने 1953 मध्ये असा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हापासून प्रत्येक ठिकाणाने आपापली रीत पाडली आहे. सेंट जॉन्स कॉलेजात सगळा भर चर्चावर्गांवर. ड्यूकमध्ये ‘मास्टर्स प्रोजेक्ट’. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या ग्रॅज्युएट सेंटरमध्ये आणि हार्वर्ड एक्स्टेन्शनच्या बऱ्याच विषयांत दोन्ही वाटा मोकळ्या आहेत.

फरक पानांचा वाटतो, पण तो खरा फरक नाही. माझाच विषय घ्या: गिरणगावातल्या खाणावळी. गिरणीतल्या एकट्या पुरुषांना घरात जेवू घालणाऱ्या बायका, 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांच्यासाठी उभं केलेलं अन्नपूर्णा महिला मंडळ, आणि 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप. गिरण्या थांबल्यावर या बायकांच्या उधारीच्या वह्यांचं काय झालं, हे मला ठाऊक नव्हतं आणि शोधायचं होतं. तो थीसिसचा विषय झाला. त्याच बायकांच्या लेकींच्या मुलाखती घेऊन श्राव्यमालिका करायची असती, सोबत वीस पानांचं टिपण जोडायचं असतं, तर ते कॅपस्टोन. उत्तर माहीत नसेल तर थीसिस. सांगायचं काय ते माहीत आहे, कसं ते ठरायचंय, तर कॅपस्टोन. मैत्रिणीकडे आजोबांची पत्रं होती, वाचून झालेली. तिने थीसिस घेतला असता तर उगाच एक प्रश्न शोधत बसली असती.

वेळेचं गणित सरळ आहे. कॅपस्टोन बहुधा वर्गासारखा चालतो: आठवड्याला काहीतरी द्यायचं, सोबत दहा-बारा जण, सत्र संपलं की काम संपलं. थीसिसमध्ये आधी प्रस्ताव आणि तो मंजूर झाल्यावर तुम्ही एकटे. माझा एक पूर्ण फेब्रुवारी दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर गेला आणि कुणीही विचारलं नाही. वेळेत झालं नाही तर बऱ्याच ठिकाणी प्रत्येक जादा सत्राला नोंदणी चालू ठेवण्याची फी पडते. ती किती, हे प्रस्ताव देण्याआधी विचारून ठेवा. मी विचारलं नव्हतं.

गाइडचा मुद्दा मराठी विषय घेणाऱ्यांना जास्त भोवतो. कॅपस्टोनला वर्गाचे प्राध्यापक असतातच. थीसिसला गाइड स्वतः शोधावा लागतो, आणि मराठी वाचणारा मिळणं कठीण. मला मिळाल्या त्या ब्रिटनच्या कामगार-इतिहासाच्या अभ्यासक. त्यांच्यासाठी प्रत्येक उताऱ्याचं भाषांतर करावं लागलं. ‘खानावळवाली’ला इंग्रजीत काय म्हणायचं यावर आमचा एक तास गेला, शेवटी शब्द तसाच ठेवला. कंटाळवाणं काम, पण त्या ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ असं विचारत राहिल्या म्हणून माझी निम्मी गृहीतकं गळाली. मराठी गाइडने ती कदाचित चालवून घेतली असती.

पुस्तकांची मात्र चिंता नको. ज्या पीएल-480 कायद्याखाली आपल्याकडे अमेरिकी गहू आणि मिलो ज्वारी आली, त्याच व्यवहारात साठलेल्या रुपयांतून 1962 पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन अमेरिकी ग्रंथालयांना पाठवली. त्यामुळे लालबागमध्ये न मिळालेलं एखादं पुस्तक शिकागोहून आंतरग्रंथालय योजनेतून हातात पडतं. मला आलेल्या एका पुस्तकाची जोडलेली पानं तर फाडायचीच राहिली होती.

मुलाखती घेणार असाल तर, थीसिस असो वा कॅपस्टोन, विद्यापीठाच्या आयआरबीला, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीला, आधी विचारा. केंद्रीय नियमांच्या 2018 च्या आवृत्तीने मौखिक इतिहासाला ‘संशोधना’च्या व्याख्येतून वगळलं आहे, पण तुमच्या कामाला ते लागू होतं का, हे स्वतःच ठरवू नका. परवानगीत दोन महिने गेले तर कॅपस्टोनचं सत्र तिथेच संपतं. थीसिस निदान तेवढा धक्का सोसतो.

पुढे पीएचडीचा विचार असेल तर मी थीसिसकडेच ढकलेन. अर्जाला लेखनाचा नमुना लागतो, तो एका प्रकरणातून निघतो. आणि वर्षभर तुमचा मजकूर वाचलेल्या माणसाच्या शिफारसपत्राला वजन असतं. नोकरीत दोन्हींमुळे फारसा फरक पडत नाही. माझ्या मॅनेजरने फक्त ‘संपलं का?’ असं विचारलं. मैत्रिणीने त्या पत्रांवरून केलेली श्राव्यमालिका मात्र तिच्या मामेभावंडांनी, मावशीने, सोलापूरच्या शेजाऱ्यांनीसुद्धा ऐकली. माझा थीसिस विद्यापीठाच्या डिजिटल भांडारात आहे, कुणालाही उतरवून घेता येतो. आईने उतरवून घेतला, परिशिष्टातली खाणावळीच्या हिशेबाची पानं तेवढी वाचली आणि फोनवर म्हणाली, ‘अगं, तेलाची बेरीज चुकलीये.’