आळेफाट्याचे वायरमन काका: जुन्या पिकअपचं चार्जिंग आणि अर्थिंग

आमची डिझेल पिकअप 2010 ची आहे. टोमॅटोच्या दिवसांत आठवड्याला तीन फेऱ्या होतात, ओतूरवरून माळशेज उतरून कल्याण मार्केटला. गाडी मीच चालवते. चौदा महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या, अल्टरनेटरही (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) नवा बसवला. तरी घाटात पाऊस लागला आणि वायपर, ब्लोअर, हेडलाइट एकदम चालू केले, की उजेड पिवळा पडायचा. मागे साठ क्रेट, समोर जुलैचं धुकं आणि मिणमिणते दिवे. त्या वेळी स्टेअरिंगवरचे हात गार पडतात.

आधीच्या दोन ठिकाणी कुणी व्होल्ट मोजायचा मीटर लावलाच नाही. एकानं बॅटरी विकली, दुसऱ्यानं अल्टरनेटर. म्हणून आळेफाट्याला हायवेलगत बसणाऱ्या या काकांबद्दल मुद्दाम लिहितेय. मी पोचले तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "ताई, गाडीला रंग कधी मारला?" दिवाळीआधी चेसीचा गंज काढून काळा रंग मारून घेतला होता. ते नुसतं "हं" म्हणाले आणि मीटर घेऊन आले.

इंजिन थोडं रेसवर ठेवून सगळे दिवे आणि ब्लोअर लावायला सांगितले. अल्टरनेटरवर 14.3 व्होल्ट दिसत होते आणि बॅटरीवर जेमतेम 13.2. मग मीटरची एक तार अल्टरनेटरच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर धरली: 0.6. तसंच इंजिनच्या धातूवरून बॅटरीच्या निगेटिव्हला धरली: 0.5. म्हणजे अल्टरनेटर पुरेसं देत होता, पण वाटेतच एक व्होल्टच्या वर गळत होतं. बॅटरी कायम अर्धपोटी राहायची, आणि अशी राहिलेली बॅटरी आतून पांढरी पडून लवकर मरते. नवी घेऊन काय उपयोग होता!

अर्थिंगचं त्यांनी जे दाखवलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. इंजिन आणि चेसी यांना जोडणारी विणलेली अर्थ पट्टी हीच त्याची परतीची वाट. आमची पट्टी काळी पडून निम्मी तुटलेली होती, आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल चेसीला जिथे येते तिथे लगच्या, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या, खाली रंग बसला होता. ॲक्सिलरेटरच्या केबलचं आवरण एका जागी वितळलेलं दाखवून म्हणाले, "सेल्फ मारताना करंटला नीट वाट मिळाली नाही की तो असल्या केबलीतून पळतो." ते बघून मला खरंच धक्का बसला. ती केबल अडकली असती तर घाटात काय झालं असतं?

काम सगळं डोळ्यांसमोर झालं. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडली. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत 16 स्क्वेअर एमएमची तांब्याची नवी केबल टाकली आणि बॅटरीच्या टोकाला 100 अँपिअरचा फ्यूज दिला. फ्यूज तिथेच का, हे विचारल्यावर म्हणाले, केबल कुठे घासून चेसीला लागली तर आग लावण्याइतका करंट बॅटरीच सोडते. जुनी वायर काढली नाही, फक्त तिचा जळका लग बदलला. अर्थिंगला बॅटरी ते इंजिन आणि इंजिन ते चेसी अशा 25 स्क्वेअरच्या दोन केबली, शिवाय केबिनला एक वेगळी. जिथे जिथे बोल्ट होता तिथे रंग खरवडून धातू चकचकीत केला, दातेरी वायसर घातला आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावलं. लग हातोडीनं ठोकले नाहीत, प्रेसनं दाबले. केबल घेताना टोक सोलून आतपर्यंत खरवडून दाखवलं, कारण बाजारात वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही तांब्याची म्हणून खपवतात.

शेवटी पुन्हा मीटर. अल्टरनेटरवर 14.25, बॅटरीवर 14.10. त्याच रात्री घाट उतरले. दिवे पांढरे होते, आणि ब्लोअर लावला तरी टेंपरेचरचा काटा जागचा हलला नाही, पूर्वी कच्च्या अर्थिंगमुळे हलायचा.

खर्च केबल, लग, फ्यूज, मजुरी मिळून 3,850 रुपये. एका बॅटरीपेक्षा कमीच.

दोन गोष्टी खटकल्या. दोन तास सांगून पाच तास लावले, त्या दिवशीचा माझा माल दुसऱ्याच्या गाडीत गेला. आणि फ्यूजचा डबा बॉनेटच्या कडेला, पाणी गळतं अशा जागी बसवला होता. चौथ्या दिवशी परत गेले तर बिनतक्रार आत सरकवून दिला, पैसे घेतले नाहीत. छापील बिल मात्र मिळत नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात.

जायचं तर सकाळी नऊच्या आत जा. नंतर ट्रॅक्टरांची रांग लागते. आणि गाडी धुऊन, कोरडी करून न्या. चिखल असला की ते आधी परत पाठवतात.