सांडपाण्याच्या गाळाचं कंपोस्ट: सागाला चालेल, भाजीला आणि रताळ्याला नको

पाचपैकी दोन गुण देतेय, आणि तेही झाडांपुरतेच. खाण्याच्या पिकाला हे खत मी घालणार नाही.

आमच्या बेळगावजवळच्या बेळगुंदी-उचगाव भागात हे टेंपोतून दारात येतं. पोत्यावर कन्नड आणि इंग्रजीत सेंद्रिय खत एवढंच छापलंय, कशापासून केलं ते कुठंच नाही. विकणाऱ्या पोराला विचारलं तेव्हा त्यानं मात्र काही लपवलं नाही. "वहिनी, शहरातल्या ड्रेनेजच्या पाण्याचा प्लांट असतो बघा, तिथला गाळ. त्यात लाकडाचा भुसा घालून कुजवलाय. सगळं नैसर्गिकच." कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आज ही आली, उद्या दुसरी येईल. शहरं वाढतील तसा गाळ वाढणार आणि तो कुठंतरी जिरवावा लागणारच. आमच्या शेतात जिरवायचा असेल तर कुठल्या अटीवर, ते बोलायला हवं.

लोक घेतात यात त्यांचं काही चुकत नाही. दावणीची जनावरं कमी झाली, शेणखताची ट्रॉली परवडेना. आमची तांबडी माती, त्यात पश्चिमेचा पाऊस. घातलेलं सत्त्व एका पावसाळ्यात धुऊन जातं. या खतानं माती मोकळी होते, ओल धरते, हे खरं आहे. गाळात नत्र आणि स्फुरद असतंच. भाऊजींनी बांधावरच्या सागाच्या रोपांना घातलं, रोपं जोमानं वर आली. दोन गुण त्याचे.

पोतं उघडलं की वास जवळजवळ येत नाही. काळसर, भुसभुशीत, चाळलेलं दिसतं. घमेल्यात पसरून नीट बघितलं तर केसांची बारीक गुंतवळ, प्लॅस्टिकचे कपटे, कानात घालायच्या काड्यांचे तुकडे. पाणी मारलं की नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास सुटतो, म्हणजे आत कुजणं अजून चालूच आहे. एका जुन्या परातीत थोडं खत ओलं करून पडवीत ठेवलं, तर त्यात टोमॅटोची रोपं उगवली, चांगली दाट. पेरलं कुणीच नव्हतं. टोमॅटोचं बी माणसाच्या पोटातून, गटारातून, प्लांटमधून जिवंत बाहेर पडतं. ते मरतं ते रास नीट तापली तरच. जर्मनीत कंपोस्ट प्रकल्पाची परीक्षा घेताना टोमॅटोचं बी मुद्दाम राशीत पुरून ठेवतात आणि नंतर ते उगवतं का बघतात. माझ्या परातीतलं उगवलं. म्हणजे जंतांची अंडी आणि साल्मोनेलासारखे जंतूही त्या राशीत मेले, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. जंतांची अंडी फार चिवट असतात, मातीत महिनोन्‌महिने, कधी काही वर्षंही टिकतात.

रास किती तापवायची याचा अमेरिकेतला १९९३ सालचा नियम स्पष्ट आहे. उघड्यावर लांब राशी लावून कुजवायचं असेल तर ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याच्या वर १५ दिवस ठेवायचं आणि त्या काळात निदान ५ वेळा रास परतायची. परतणं महत्त्वाचं, कारण मधला भाग तापतो आणि कडा गार राहतात. कडेचं आत गेलं नाही तर तिथले जंतू तसेच राहतात आणि नंतर सगळ्या राशीत पुन्हा वाढतात. मी पोराला विचारलं, "रास किती तापली, किती वेळा परतली, लिहून ठेवलंय का कुठं?" तो म्हणाला, "तसलं कोण विचारत नाही, वहिनी." मग मोबाईलवर एक अहवाल दाखवला. त्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू (पीएच), ओलावा. जंतूंचा रकाना नाही, धातूंचा नाही, आणि तारीख आधीच्या वर्षाची. त्या पोरावर माझा राग नाही, त्याला जे दिलं ते तो विकतो. राग आहे तो ते पोतं बांधून पाठवणाऱ्यांवर.

धातूंचा रकाना का हवा, तर गटारात फक्त घरातलं पाणी येत नाही. फाउंड्री, प्लेटिंग, गॅरेज, रंगकाम, दवाखाने, सगळ्यांचं पाणी त्यात मिसळतं. पाणी शुद्ध होताना शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियम गाळात बसतात. उष्णतेनं जंतू मरतात, धातू मरत नाहीत. उलट बासुंदी आटवताना दूध कमी होतं आणि साखर तेवढीच राहते, तसं कुजताना रास कमी होते आणि किलोमागे धातू वाढतात. आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसं १००, निकेल ५०, क्रोमियम ५० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे. अमेरिकेत चांगल्या प्रतीच्या गाळालाही कॅडमियम ३९ पर्यंत चालतं. कागदावर आपला नियम कितीतरी कडक आहे. पण पोत्याबरोबर अहवालच नसेल तर तो माझ्या मेथीच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही.

आणि कॅडमियमचा प्रश्न आमच्या भागात जास्तच जवळचा आहे. आम्ल मातीत पिकं कॅडमियम जास्त ओढतात, आणि जास्त पावसाची आमची तांबडी जमीन आम्लच. पालक, माठ यांसारख्या पालेभाज्या त्यात पुढे. झाड मात्र हिरवंगार दिसतं, भाजी बघून काही कळत नाही. कॅडमियम माणसाच्या मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठत राहतं. जपानमध्ये जिंझू नदीकाठच्या लोकांनी खाणीच्या पाण्यावर पिकलेला भात खाल्ला आणि त्यांची हाडं ठिसूळ झाली. इताई-इताई नावाच्या त्या आजाराचं मूळ प्रदूषणात आहे हे तिथल्या सरकारनं १९६८ मध्ये मान्य केलं. ते प्रदूषण खाणीचं होतं आणि कितीतरी जास्त होतं, हे मला माहीत आहे. पण भात आम्हीही पिकवतो, आणि एकदा मातीत गेलेला धातू काढून घ्यायचा सोपा उपाय कुठल्याच शेतकऱ्याकडे नाही.

रताळ्याचं तर विचारूच नका. अर्धवट शुद्ध केलेला गाळ घातला तर जमिनीला टेकणारं पीक काढायला अमेरिकेत १४ महिने थांबावं लागतं, आणि जमिनीखाली वाढणाऱ्या पिकासाठी गाळ कसा घातला त्यानुसार २० किंवा ३८ महिने. आमचं रताळं चार-पाच महिन्यांत निघतं आणि मातीसकट बाजारात जातं. मुळा, गाजर, कोथिंबीर तर लोक कच्चीच खातात.

विहिरीचंही बघायला हवं. खत स्वस्त आहे म्हणून भरमसाट टाकलं की पिकाला न लागलेलं नत्र नायट्रेट होऊन पावसाबरोबर खाली झिरपतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नको, कारण ते तान्ह्या बाळाच्या रक्ताला बाधतं. आमच्याकडचे ओढे मार्कंडेय नदीला मिळतात, तेव्हा वरून वाहून गेलेलं खाली कुणाच्या तरी पाण्यात जाणारच.

खत कोरडं उधळू नका. सासऱ्यांना दमा आहे, भाऊजी खत टाकत होते तेव्हा त्यांना मी शेतावर येऊच दिलं नाही. कंपोस्टच्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात आणि कमजोर फुप्फुसाला ते त्रास देतात. थोडं ओलं करून टाका, तोंडाला फडकं, हातात मोजे, आणि घरी आल्यावर साबणानं हात धुवा.

परदेशात तर काही ठिकाणी हे बंदच करत आणलंय. स्वित्झर्लंडनं २००६ पासून शेतात गाळ टाकणं थांबवलं. अमेरिकेतल्या मेन राज्यानं २०२२ मध्ये गाळ आणि त्याचं कंपोस्ट शेतावर टाकायला बंदी घातली, ती पीएफएएस नावाच्या रसायनांमुळे. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारे कपडे यांतून ती येतात आणि कुजवल्यानं नष्ट होत नाहीत.

तुमच्याकडे पोती येऊन पडलीच असतील तर साग, निलगिरी, फुलझाडं यांना घाला, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब. शंका असेल तर रयत संपर्क केंद्रात कृषी अधिकाऱ्यांना पोतं दाखवा. खताचा नमुना काढून तपासायला पाठवण्याची सोय कायद्यात आहे.

तो पोरगा मृगाच्या आधी पुन्हा ऑर्डर घ्यायला येणार आहे. त्याला सांगून ठेवलंय: त्याच लॉटचा धातूंचा अहवाल, जंतूंचा अहवाल आणि राशीच्या तापमानाची नोंद आण, आणि गाळ कुठल्या प्लांटचा ते पोत्यावर छाप. हे चारही आले तर मी भाऊजींच्या सागासाठी आणखी पोती घेईन. रताळ्याला गवळ्याकडचं शेणखत सांगून ठेवलंय, महाग पडलं तरी, आणि भाताच्या आधी ताग पेरून गाडणार आहे.