एकट्याचं आठवड्याचं जेवण, तोलून-मापून: हिवाळा-उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

दिवाळीनंतर डबा बंद केला आणि हे सुरू केलं, आता मिरग लागलाय, म्हणजे हिवाळा-उन्हाळा दोन्ही यात निघाले, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही. लातुरात मेस आणि डबेवाले पायलीला पन्नास, क्लासच्या पोरांमुळं. डबा तसा वाईट नव्हता पण दोन्ही टायमाला बटाटा, पातळ वरण आणि चार पोळ्या, पालेभाजी आठवड्यात एकदा दिसली तर दिसली.

वापरायलोय काय ते सांगतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं (एनआयएन) 2024 मध्ये आहाराच्या नव्या गाईडलाईन्स काढल्या, त्यात दिवसभराच्या ताटाचा 2000 कॅलरीचा तक्ता आहे. धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्य 85, भाज्या 400 आणि त्यातल्या 100 पालेभाज्या, फळं 100, दूध-दही 300 मिली, शेंगदाणे-तीळ-जवस असलं 35 ग्रॅम, तेल-तूप 27. सगळी वजनं कच्च्या मालाची बरं का, शिजवलेल्याची नाहीत, भात शिजवून तोलला तर अर्ध्यातच उपाशी उठाल. अंडी-मटण खाणाऱ्यांना डाळीचा काही भाग त्यानं बदलता येतो.

आता हा तक्ता रोजचा आहे आणि रोज तोलत बसायला कुणाला वेळ आहे. मी सगळ्याला सातनं गुणलं. आठवड्याला धान्य पावणेदोन किलो, डाळी-कडधान्य 600 ग्रॅम, भाज्या 2 किलो 800, त्यात पालेभाजी 700 ग्रॅम, फळं 700, दूध 2 लिटरच्या जरा वर, दाणे-तीळ पाव किलो, तेल 200 मिली. झाली बाजाराची यादी. सोमवारी अमुक मंगळवारी तमुक असा मेनू मी लिहीतच नाही, एकट्या माणसाला तो टिकत नाही कारण मेथीची जुडी एका जेवणात संपत नाही आणि कोबीचा गड्डा तर चार दिवस पुरतो, मग मेनूत मंगळवारी दोडका लिहिलेला असला तरी फ्रीजमधली मेथी पिवळी पडायलेली असते. जे आधी सडणार ते आधी शिजणार, एवढाच नियम. रविवारी गंजगोलाईत जातो, तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात त्यामुळं भाजी, किराणा, डाळ सगळं एका चकरेत होतं. पहिले दोन दिवस पालेभाजी, मग भेंडी-गवार-दोडका, शेवटी कोबी, दुधी, गाजर. मेथी-तांदुळजा आणल्या आणल्या निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायची, धुवायची मात्र करायच्या वेळी, ओली ठेवली की काळी पडते. नळाला रोज पाणी येत नसेल तर पाण्याच्या दिवशीच पालेभाजी धरा, माती काढायला पाणी लई लागतं.

शनिवारी जे उरतं त्याची भज्जी. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात करतात ती माहितीच असेल, पालेभाज्या, ओला हरभरा, तुरीचे दाणे, शेंगदाणे, सगळं एकत्र शिजवून वरून बेसन लावलेलं. मी फ्रीजमधलं अर्धं गाजर, मूठभर गवार, उरलेली मोडाची मटकी असं टाकून तीच करतो, एक कुकर आणि आठवड्याचा हिशोब क्लिअर. सोबत ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांनी एका सणाच्या दिवशी एनआयएनचं सगळं ताट एका पातेल्यात बसवून ठेवलंय, हे तक्ता वाचल्यावर कळलं.

भाकरीचं जरा सविस्तर सांगतो कारण एकट्या राहणाऱ्याचं गाडं इथंच अडतं. ज्वारीच्या पिठात गव्हासारखं ग्लुटेन नसतं म्हणून पीठ मळून फ्रीजमध्ये ठेवायचा कार्यक्रम इथं चालत नाही, गरम पाण्यानं लागेल तेवढंच मळायचं आणि लगेच थापायचं. दळलेलं पीठही जास्त दिवस ठेवलं की विरी जाते, मग भाकरी थापतानाच चिरते आणि चव कडसर लागते. म्हणून दळण दोन किलोचंच आणायचं. गिरणीवाले मामा पहिल्यांदा कुरकुरले, एवढ्यासाठी कुठं चालू करू म्हणून, मी मग सकाळी ज्वारीची दळणं चालू असतात तेव्हाच जायला लागलो, आता काही बोलत नाहीत. माझी एक भाकरी अंदाजे 70 ग्रॅम पिठाची होते, दोन भाकरी, मूठभर भात आणि सकाळी सुशीला (भिजवलेले मुरमुरे फोडणीला टाकून) किंवा पोहे, 250 आरामात बसतात. थापायचा कंटाळा येईल त्या दिवसासाठी कडक भाकरीचं एक पाकीट घरात ठेवतो, वरणात कुस्करून चांगली लागते.

परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर काढलेलं परभणी शक्ती म्हणून ज्वारीचं वाण आहे, 2018 ला आलं, लोह आणि जस्त जास्त असलेलं. मिळालं तर घ्या. नाही मिळालं तर साध्या भाकरीच्या ताटातही लिंबू पिळा, सी व्हिटॅमिननं धान्य-पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि जेवल्या जेवल्या चहा घेऊ नका, तो उलटं काम करतो. हे शेवटचं मला अजून जड जातं.

डाळीचा आकडा बघून वाटलं यात काय विशेष, डाळीच्या गावात राहतो आपण. पण 85 ग्रॅम म्हणजे माझ्या दोन मुठी कच्ची डाळ, रोज. एकट्यासाठी वरण लावताना हात एका मुठीवरच थांबतो. त्यामुळं एका वेळी वरण किंवा डाळ घालून चुक्याची-पालकाची पातळ भाजी, आणि दुसऱ्या वेळी मटकी, मूग, चवळी असं काहीतरी लागतंच. येसर आमटी (धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेल्या येसराची) डाळीत धरू नका, दहा मिनिटांत होते, थकून आल्यावर तिच्यासारखं काही नाही, पण चमचा-दोन चमचे येसरात डाळ असून असून किती असणार.

तेलासाठी 200 मिलीची एक बाटली केलीय, रविवारी भरायची, पुढच्या रविवारपर्यंत पुरवायची. सगळ्यात कडक भाग हाच. आपल्याकडं तर्रीशिवाय भाजी म्हणजे आजाऱ्याची भाजी. एकदा झणझणीत काळ्या मसाल्याचं काही केलं की बाटली गुरुवारीच तळ दाखवते, मग शुक्रवार-शनिवार उकड आणि भाजलेलं वांगं. दाण्यांचं उलटं आहे, पाव किलो कधी संपतं कळतसुद्धा नाही, शेंगदाण्याची चटणी, जवसाची, कारळाची, भाजीत कूट, आपला हात तिथं मोकळाच असतो.

उन्हाळ्यात प्लॅन ढिला पडला हे खरं. एप्रिल-मे मध्ये पालेभाजी महाग आणि बाजारातच सुकलेली, 700 ग्रॅमचा नाद सोडून गावाकडून आणलेली वाळवलेली हरभऱ्याची भाजी वापरली. लाईट जास्त वेळ गेली की फ्रीजमधल्या शिजवलेल्या अन्नावर भरवसा ठेवायचा नाही, म्हणून रविवारी आठवड्याचं सगळं शिजवून डबे भरायचे तो प्रकार मी करतच नाही, शिजवलेलं फार तर दुसऱ्या दिवशीपर्यंत. भात तर बाहेर राहिला तर सरळ टाकून द्या, त्यातल्या जंतूंचं विष परत गरम करून जात नाही.

आई पहिल्यांदा आली तेव्हा काटा बघून म्हणाली, तोलून जेवण ढोराला पण कुणी देत नाही रे. गेली तेव्हा चटणीचे तीन डबे भरून ठेवून गेली, ते मी तोलले नाहीत.

पाचपैकी चार देईन. एक कापला तो वेळेचा, भांडी धरून रोजचा सव्वा तास जातोच, शिफ्ट ड्युटीवाल्यानं सकाळचा डबा लावून संध्याकाळपुरतंच हे करावं, यादीतलं सगळं निम्मं. सामानात 2 लिटरचा कुकर आणि एक ग्रॅमपासून मोजणारा काटा एवढंच घ्या. काट्याला पहिला महिना काम असतं, नंतर मुठीचा अंदाज बसतो. मोठा कुकर घेऊ नका, त्यात दोन मुठी डाळ तळाला चिकटते आणि करपते.