.३०८ की .३०-०६ काडतुसाची? एकच रायफल घ्यायचीय भाच्यासाठी

वर्तकनगरचा आमचा भाचा नोकरीसाठी कोलोरॅडोला गेलाय, ऑफिसातले सगळे सीझनला शिकारीला जातात म्हणून परवा फोन, मामा एकच रायफल घेईन पण हरणापासून एल्कपर्यंत (तिकडचं मोठ्ठं हरीण) चालली पाहिजे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानुसार शिकार बंद, ते योग्यच आहे, तिकडे मात्र परवाना काढून रीतसर चालते.

दोन्हींची गोळी एकाच जाडीची. फरक केसमध्ये, म्हणजे दारू भरायच्या धातूच्या नळीत, .३०८ ची लांबी ५१ मिमी आणि .३०-०६ ची ६३, त्यामुळे दुसरीत दारू जास्त बसते आणि तेवढ्याच वजनाची गोळी सेकंदाला साधारण १०० फूट जास्त वेगाने जाते. हरणाला याने काही फरक पडत नाही. २०० ग्रेनच्या (गोळीच्या वजनाचं माप) पुढची जड गोळी वापरायची असेल तरच .३०-०६ खरी सरस.

आता गोळी सुटताना बसणारा धक्का. तो एकदा खांद्याला बसला की नवा माणूस पुढच्या वेळी ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतो आणि नेम गेला, मग जनावर जखमी होऊन पळतं, हे मला अजिबात सहन होत नाही. .३०८ चा धक्का थोडा कमी, बोल्ट (पुढची गोळी भरायला हाताने ओढायचा दांडा) कमी मागे ओढावा लागतो, सरावाच्या गोळ्याही सहसा स्वस्त मिळतात.

तर त्याला सांगितलं, हरीण जास्त, एल्क कधीतरी आणि हात नवा असेल तर .३०८ घे. दरवर्षी एल्क, पुढे अलास्कात मूस (एल्कहूनही मोठं हरीण) असं डोक्यात असेल तर .३०-०६. आणि हो, वर्क व्हिसावर आहेस ना, मग आधी शिकारीचा परवाना काढ, त्याशिवाय बंदुकीला हातसुद्धा लावू नकोस.