अमेरिकेतल्या शाळेचं एक वर्ष: दुसरा हप्ता देण्याआधी हे तपासा

दहावीच्या निकालाच्या सुमारास 'अकरावी अमेरिकेत' असे फ्लेक्स झळकू लागतात. भाड्याचा हॉल, पडद्यावर पिवळी स्कूलबस आणि 'ऑगस्टच्या बॅचच्या शेवटच्या चार जागा'. पहिली गोम इथेच आहे. ऑगस्टमध्ये जाणाऱ्या मुलाचा अर्ज साधारण आदल्या हिवाळ्यातच सुरू झालेला असतो. आधीच्या वर्षांच्या गुणपत्रिका, इंग्रजीची परीक्षा, मुलाखत, लसीकरणाची नोंद, यजमान कुटुंबाला लिहायचं पत्र आणि मग तिकडच्या शाळेची लेखी संमती, एवढं सगळं दोन महिन्यांत उरकत नाही. मे-जूनमध्ये पैसे घेऊन ऑगस्टचा शब्द देणाऱ्याकडे बहुतेक वेळा द्यायला जागाच नसते.

फसवणुकीचं मूळ मात्र दोन व्हिसांच्या घोळात असतं. हा घोळ मुद्दाम घातला जातो, म्हणून तो नीट समजून घ्या.

जे-१ हा एक्स्चेंजचा व्हिसा. वय १५ ते साडेअठरा, मुदत एक सत्र किंवा एक शालेय वर्ष. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली स्पॉन्सर संस्था डीएस-२०१९ हा कागद देते आणि त्यावर मुलाखत होते. या मार्गाने गेलेलं मूल सरकारी शाळेत शिकू शकतं. यजमान कुटुंब त्याला हौसेने ठेवून घेतं, त्या कुटुंबाला मोबदला देता येत नाही. म्हणजे जे-१ सांगून कोणी 'होस्ट फॅमिलीचे दरमहा ८०० डॉलर' मागत असेल, तर ते पैसे कुठल्याही कुटुंबाकडे जाणार नाहीत.

एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा. त्यासाठी शाळा स्वतः आय-२० हा प्रवेशाचा कागद देते. खासगी शाळेत त्यावर अनेक वर्षं शिकता येतं आणि तिथे राहण्या-जेवणाचे पैसे द्यावे लागतात, त्यात गैर काही नाही. सरकारी शाळेत मात्र फक्त नववी ते बारावी आणि एकूण १२ महिनेच. शिवाय शाळेचा दर विद्यार्थी होणारा पूर्ण खर्च भरावा लागतो आणि तो भरल्याची नोंद आय-२०वर असावी लागते. हा नियम १९९६ च्या कायद्यापासून आहे. 'एफ-१ वर सरकारी शाळेत दोन वर्षं, फी माफ' हे वाक्य ऐकलंत की उठून बाहेर या.

आपल्याकडे याचा एक खास अवतार चालतो, कारण न्यू जर्सीत कुणाचा तरी काका असतोच. 'काकांना कायदेशीर पालक करा, मग शाळा फुकट.' पालकत्वाचे कागद केल्याने एफ-१ विद्यार्थ्याची फी आणि १२ महिन्यांची मर्यादा सुटत नाही. दुसरा सल्ला त्याहून वाईट: 'मुलाकडे दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा आहे ना, त्यावरच शाळेत घाला.' बी-२ वर, म्हणजे टुरिस्ट व्हिसावर, शाळेत नाव घालणं हाच नियमभंग आहे. एफ-१ वर जाऊन सरकारी शाळेचा नियम मोडला, तर सलग ५ वर्षं अमेरिकेबाहेर काढल्याशिवाय पुन्हा प्रवेश नाही. खोटा कागद दाखवल्याचं सिद्ध झालं, तर बंदी कायमची असू शकते. एजंट दुसऱ्या नावाने दुकान उघडतो, डाग मात्र पंधरा वर्षांच्या मुलाच्या पासपोर्टला लागतो. यासाठीच आम्ही कळकळीने लिहितो आहोत.

आता पैशांचा क्रम. पहिला हप्ता 'नोंदणी'चा असतो आणि तो मुद्दाम लहान ठेवतात. मग आठवड्याभरात एक सुरेख पत्र येतं, 'प्लेसमेंट कन्फर्म्ड'. त्यावर कुटुंबाचा हसरा फोटो, शाळेचं बोधचिन्ह. त्याच्या जोरावर मोठा दुसरा हप्ता मागतात, आणि मूळ पासपोर्ट व गुणपत्रिका 'फाइलसाठी' ठेवून घेतात. पुढे शंका आली तरी कागद अडकलेले असल्याने पालक गप्प बसतात. मूळ कागद कोणालाही देऊ नका, छायाप्रत पुरते. पासपोर्ट द्यायचा तो व्हिसाच्या प्रक्रियेत, वकिलातीच्या अधिकृत केंद्रातच.

दुसऱ्या हप्त्याआधी दोन ठिकाणी तपासा. जे-१ असेल तर परराष्ट्र खात्याच्या जे-१ संकेतस्थळावर मान्यताप्राप्त स्पॉन्सरांची यादी आहे. नुसतं नाव सापडलं म्हणून थांबू नका, प्रकार पाहा. संस्था खरी असते, पण तिची मान्यता उन्हाळी कामाच्या किंवा ओ-पेअरच्या (घरी राहून मुलं सांभाळण्याच्या) कार्यक्रमाची असते, माध्यमिक विद्यार्थ्यांची नसते. हा डाव नेहमीचा आहे. एफ-१ असेल तर 'स्टडी इन द स्टेट्स' या सरकारी संकेतस्थळावर शाळा शोधा. त्या यादीत नसलेली शाळा आय-२० देऊच शकत नाही.

त्यानंतर थेट पत्र लिहा. एजंटने दिलेल्या पत्त्यावर किंवा नंबरवर नाही, संस्थेच्या किंवा शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या पत्त्यावर. तीन प्रश्न पुरतात: ही भारतीय एजन्सी तुमची प्रतिनिधी आहे का, माझ्या मुलाचा अर्ज तुमच्याकडे आला आहे का, आणि शुल्क किती व कोणाच्या खात्यात भरायचं. काही स्पॉन्सर भारतातल्या भागीदारामार्फतच पैसे घेतात, ते ठीक आहे, पण तसं त्यांच्याकडून लेखी यायला हवं. उत्तर येईपर्यंत पैसे थांबवा.

'आधी पाठवून देऊ, कुटुंब तिथे गेल्यावर मिळेल' हे जे-१ मध्ये चालत नाही. मूल घरातून निघण्याआधी यजमान कुटुंब ठरलेलं असलं पाहिजे आणि शाळेची लेखी संमती आलेली असली पाहिजे. कुटुंबातल्या १८ वर्षांवरच्या प्रत्येकाची गुन्हेगारी नोंद तपासलेली असते, आणि स्पॉन्सरचा स्थानिक समन्वयक त्या घरापासून १२० मैलांच्या आत राहणारा असावा लागतो. त्याचं नाव आणि फोन निघण्याआधी मागा.

सरकारी फीवरही हात मारतात. सध्या जे-१ ची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी) २२० डॉलर, एफ-१ ची ३५० आणि व्हिसा अर्जाची १८५ आहे. जे-१ चे मिळून ४०५ डॉलर, म्हणजे डॉलर ९० रुपये धरला तर ३६,४५० रुपये. याच बाबीखाली लाख-दीड लाख मागितले तर हिशोब विचारा. काही स्पॉन्सर सेव्हिस फी आपल्या शुल्कातच धरतात, तेव्हा ती दुसऱ्यांदा भरू नका. दर बदलतात, भरण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या.

विम्यातली लबाडी दिसत नाही आणि महाग पडते. जे-१ साठी प्रत्येक आजार वा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण लागतं. उपचारासाठी हलवण्याचे ५०,०००, पार्थिव परत आणण्याचे २५,०००, आणि स्वतः सोसायची रक्कम ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. एजंट पर्यटकांची स्वस्त पॉलिसी देऊन फरक खिशात घालतात. पॉलिसीची मूळ प्रत वाचा.

'तिकडे बारावीचा डिप्लोमा मिळेल' हे आश्वासनही सोडून द्या. एक्स्चेंजच्या वर्षात डिप्लोमाची हमी नसते. परतल्यावर थेट बारावी की पुन्हा अकरावी, हे मंडळ आणि कॉलेजकडून निघण्याआधी लेखी घ्या.

पैसे देताना पावतीवरचे शब्द पाहा. 'मार्गदर्शन शुल्क' एवढंच लिहिलं असेल, तर पुढे एजंटचा वकील म्हणेल की मार्गदर्शन तर दिलं. कोणती शाळा, कोणतं सत्र, व्हिसा नाकारला तर किती परत आणि किती दिवसांत, हे करारात हवं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, आणि रोख मागणाऱ्याला ते ठाऊक असतं. भिंतीवरचं 'परराष्ट्र मंत्रालय नोंदणीकृत' हे प्रमाणपत्र पाहून भुलू नका. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यातली एजंटांची नोंदणी परदेशी नोकरभरतीसाठी आहे, शाळाप्रवेशासाठी नाही.

पैसे गेलेच असतील तर ऑनलाइन व्यवहारासाठी त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन करा. पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त असते. चॅट पुसू नका, पाकिटं आणि पावत्या जपा. पोलिसांत तक्रार देताना भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (फसवणूक) आणि बनावट कागद असतील तर ३३६ हे मुद्दे मांडा. सोबत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथेच चालतं आणि तक्रार करायची मुदत दोन वर्षांची असते. बनावट पत्रावर ज्या शाळेचं किंवा स्पॉन्सरचं नाव वापरलं आहे, त्यांनाही प्रत पाठवा. 'हा कागद आमचा नाही' असं त्यांचं एका ओळीचं उत्तर पोलिसांत आणि आयोगात सर्वात जास्त उपयोगी पडतं.

मूल जे-१ वर तिकडे पोहोचलं असेल आणि घर किंवा शाळा सांगितल्याप्रमाणे नसेल, तर एजंटच्या फोनची वाट पाहू नका. आधी स्पॉन्सरला कळवा. तिथून दाद मिळाली नाही तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जे-१ आपत्कालीन मदतवाहिनी आहे: १-८६६-२८३-९०९०. निघण्याच्या आदल्या रात्री हा नंबर मुलाच्या फोनमध्ये घाला आणि एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या पाकिटातही ठेवा.