मॉड ऑर्गनायझर २: गेमच्या फोल्डरला हात न लावणारं साधन

'स्कायरिम स्पेशल एडिशन' या संगणक गेममधून एखादा मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारी बाहेरची भर, काढायचा झाला, तर त्याच्या फायली नेमक्या कोणत्या हे आधी माहीत असावं लागतं. मॉड हाताने गेमच्या डेटा फोल्डरमध्ये टाकलेला असेल तर ते सहसा कुणालाच सांगता येत नाही. शिवाय दोन मॉड भिंतीचं एकच टेक्स्चर (पृष्ठभागाचं चित्र) बदलत असतील, तर दुसऱ्याने पहिल्याची फाइल पुसलेली असते. मग दुसरा काढला तरी पहिला परत येत नाही. मॉड ऑर्गनायझर २ हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर नेमक्या या दुखण्यावर बनलं आहे, आणि मोठ्या मॉडयादीसाठी यापेक्षा चांगलं साधन आज नाही. मात्र सुरुवातीची मांडणी घाईत केली तर पुढे महिनाभर तिची किंमत मोजावी लागते.

आधी ते काम कसं करतं हे पाहू, कारण त्याचे सगळे गुण आणि जवळजवळ सगळ्या अडचणी एकाच गोष्टीतून येतात. प्रत्येक मॉड स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहतो. गेम मॉड ऑर्गनायझरमधून सुरू केला की तो गेमच्या फाइल-मागण्या मधेच अडवतो आणि सगळे मॉड एकत्र केलेलं आभासी डेटा फोल्डर गेमपुढे ठेवतो. गेम बंद झाला की हे फोल्डरही नाहीसं होतं. डिस्कवरचं खरं डेटा फोल्डर जसंच्या तसं असतं. म्हणून मॉड बंद करणं म्हणजे फक्त टिक काढणं. पण याच कारणाने गेम थेट स्टीम या गेम-ॲपमधून सुरू केला तर एकही मॉड दिसत नाही, आणि बॉडीस्लाइड (शरीराचे आकार बनवणारं) किंवा एसएसईएडिट (मॉडमधल्या नोंदी तपासणारं-बदलणारं) ही साधनं विंडोजमधून उघडली तर त्यांनाही काही सापडत नाही. मॉडच्या फायलींशी संबंध असलेलं प्रत्येक साधन मॉड ऑर्गनायझरच्या आतूनच चालवायचं. 'मॉड टाकला पण दिसत नाही' या तक्रारीत सर्वांत आधी हेच तपासावं.

मांडणीची सुरुवात गेमपासून होते. स्टीमचं मूळ ठिकाण 'प्रोग्रॅम फाइल्स'च्या आत असतं आणि तिथे लिहिण्यावर विंडोज बंधनं घालतं, त्यामुळे साधनं मधेच परवानगीच्या चुका दाखवतात. दुसऱ्या ड्राइव्हवर स्टीम लायब्ररी बनवून गेम तिकडे हलवा. मग गेमचा स्वतःचा लाँचर एकदा चालवा आणि मुख्य मेनूपर्यंत जाऊन बाहेर या. या एका फेरीत गेमच्या सेटिंगच्या दोन्ही आयएनआय फायली तयार होतात. त्या नसतील तर मॉड ऑर्गनायझर प्रोफाइल (मॉडयादीची एक स्वतंत्र मांडणी) बनवताना अडखळतो. त्यानंतर स्टीममध्ये 'गेम सुरू केल्यावरच अपडेट करा' हा पर्याय निवडा. गेमची आवृत्ती बदलली की स्क्रिप्ट एक्स्टेंडर, म्हणजे अनेक मॉडना लागणारा एसकेएसई हा जोडप्रोग्रॅम, बंद पडतो, कारण त्याची प्रत्येक आवृत्ती गेमच्या एका ठरावीक आवृत्तीसाठीच बनलेली असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲनिव्हर्सरी अपडेट आलं तेव्हा १.५.९७ वरून १.६ च्या मालिकेत उडी झाली आणि डीएलएल (प्रोग्रॅमचा कोड असलेली फाइल) असलेले असंख्य मॉड एका दिवसात निकामी झाले. डिसेंबर २०२३ च्या अपडेटनेही तेच केलं. तेव्हा आपली आवृत्ती १.५.९७ आहे, १.६.६४० की १.६.११७०, हे कागदावर लिहून ठेवण्याइतकं महत्त्वाचं आहे. डीएलएल असलेला प्रत्येक मॉड उतरवताना ते लागतं.

मॉड ऑर्गनायझरची जागा ड्राइव्हच्या मुळाशी, छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये असावी. 'प्रोग्रॅम फाइल्स' नको, गेमचं फोल्डर तर अजिबात नको, आणि वनड्राइव्हशी जोडलेलं डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्सही नको. छोट्या नावालाही कारण आहे. विंडोजवरच्या अनेक साधनांना २६० अक्षरांहून लांब पत्ता पेलवत नाही, आणि मॉडचं लांबलचक नाव व त्याखालचे सात-आठ स्तर मिळून ती मर्यादा सहज ओलांडतात. पहिल्या सुरुवातीला ग्लोबल की पोर्टेबल असा प्रश्न येतो. एकाच गेमसाठी वापरायचं असेल तर डोळे झाकून पोर्टेबल निवडा, सगळं एका फोल्डरमध्ये राहतं. ग्लोबल निवडलं तर मॉड आपोआप सी ड्राइव्हवरच्या ॲपडेटामध्ये जातात आणि काही आठवड्यांत ड्राइव्ह भरते. तिथेच मूळ फोल्डरचा पत्ता बदलण्याची सोय आहे, पण ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

एसकेएसईची मांडणी दोन भागांत करावी. लोडर आणि सोबतचं डीएलएल गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये, गेमच्या ईएक्सई फाइलशेजारी हाताने ठेवायचं, कारण आभासी फोल्डरची हद्द डेटापुरतीच आहे. त्याच्या स्क्रिप्ट मात्र मॉड म्हणून टाकायच्या. संपूर्ण आर्काइव्ह मॉड ऑर्गनायझरमध्ये टाकला की 'वरच्या स्तरावर गेमचा डेटा नाही' अशी सूचना येते. तेव्हा झाडासारख्या यादीत डेटा फोल्डरवर उजवं क्लिक करून तेच डेटा डिरेक्टरी म्हणून ठरवा, सूचना हिरवी होते. हीच युक्ती वाकडी बांधणी असलेल्या इतर मॉडनाही लागू पडते. उजवीकडे वर चालवायच्या प्रोग्रॅमच्या यादीत एसकेएसई निवडून गेम सुरू करा आणि गेममधल्या कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या चौकटीत, 'गेटएसकेएसईव्हर्जन' ही आज्ञा टाइप करा. आकडा आला तर पाया पक्का. आकडा येण्याआधी दुसरा एकही मॉड टाकू नये.

आता खरा विषय, दोन खिडक्या. नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो आणि सॉफ्टवेअर तो पुरेसा समजावून सांगत नाही, ही त्यातली मोठी उणीव आहे. डावी यादी फायलींची आहे. तिथे खाली असलेला मॉड जिंकतो. मॉडसमोरच्या विजेच्या चिन्हावर हिरवं अधिक असेल तर तो दुसऱ्याच्या फायली झाकतो, लाल वजा असेल तर त्याच्या काही फायली झाकल्या गेल्या आहेत. मॉडवर दोनदा क्लिक करून 'कॉन्फ्लिक्ट्स' टॅब उघडला की प्रत्येक फाइलचा निकाल दिसतो. उजवी यादी प्लगइन्सची, म्हणजे पात्रं, वस्तू वगैरेंच्या नोंदी असलेल्या ईएसएम, ईएसपी आणि ईएसएल फायलींची. तिथे शेवटी येणाऱ्या प्लगइनमधली नोंद जिंकते. उजवीकडचं 'सॉर्ट' बटण लूट या क्रम लावणाऱ्या साधनाचे नियम वापरून फक्त प्लगइन्सचा क्रम लावतं. टेक्स्चर आणि मेशच्या (त्रिमितीय आकारांच्या) भांडणाशी त्याचा काहीही संबंध नाही, ते डावीकडे स्वतःच सोडवावं लागतं.

या दोन याद्यांचा मेळ बिघडला की काय होतं, याचं सगळ्यांत ठळक उदाहरण म्हणजे काळे पडलेले चेहरे. पात्राच्या चेहऱ्याची माहिती दोन ठिकाणी असते: प्लगइनमधली नोंद आणि फेसजेन नावाची तयार मेश व टेक्स्चर. एका मॉडने व्यापाऱ्याचा चेहरा बदलला आणि दुसऱ्याने त्याचे कपडे. उजवीकडे कपडेवाला शेवटी असेल तर त्याची नोंद जिंकते आणि तिच्यात जुन्या चेहऱ्याची माहिती असते. डावीकडून फेसजेन मात्र चेहरेवाल्याची येते. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून गेम धड शरीरावर काळपट डोकं दाखवतो. उपाय इतकाच की त्या पात्रासाठी डावीकडे आणि उजवीकडे एकच मॉड जिंकला पाहिजे. दोघांचंही हवं असेल तर एसएसईएडिटमध्ये छोटा पॅच करून चेहऱ्याच्या ओळी एकाच्या आणि कपड्यांची ओळ दुसऱ्याची घ्यायची.

तिसरा नियम बीएसए आर्काइव्हचा, म्हणजे अनेक फायली एकत्र बांधलेल्या गठ्ठ्याचा. बीएसएमधल्या फायलींचा क्रम डाव्या यादीवर नाही, त्यांच्या प्लगइनच्या क्रमावर ठरतो, आणि सुटी फाइल बीएसएला नेहमी हरवते. डावीकडे ९० व्या क्रमांकावरचा पॅच बीएसएमध्ये बांधलेला असेल आणि ४० व्या क्रमांकावर सुट्या फायलींचा टेक्स्चर संच असेल, तर क्रम काहीही सांगो, संचच दिसणार. अशा वेळी संचातली अडथळा आणणारी फाइल 'कॉन्फ्लिक्ट्स' टॅबमधून लपवावी. मॉड ऑर्गनायझर तिच्या नावापुढे स्वतःची एक शेपटी जोडतो, फाइल गेमला दिसेनाशी होते आणि हवी तेव्हा परत आणता येते. काहीही न पुसता चूक दुरुस्त करण्याची ही सोय इतकी मोलाची आहे की एकदा सवय झाली की दुसरं साधन अपुरं वाटू लागतं.

प्लगइन्सची मर्यादा लक्षात असू द्या: पूर्ण प्लगइन्स २५४ आणि हलकी, म्हणजे ईएसएल खूण असलेली, ४०९६. उजवीकडच्या आकड्यावर माउस नेला की दोन्हींची वेगवेगळी मोजणी दिसते. प्लगइनसमोर इशाऱ्याचं चिन्ह आलं तर बहुधा त्याचा मास्टर, म्हणजे ते ज्यावर अवलंबून आहे ते प्लगइन, हजर नाही. तसाच गेम सुरू केला तर तो मेनू येण्याआधीच बंद पडतो. हा प्रकार बहुतेक वेळा पर्याय विचारत मॉड बसवणाऱ्या फोमॉड इन्स्टॉलरमध्ये घडतो, जिथे नसलेल्या मॉडच्या पॅचवर चुकून टिक राहते. मॉड पुन्हा इन्स्टॉल करून ती टिक काढा.

मॉडची नवी आवृत्ती टाकताना 'मर्ज' की 'रिप्लेस' असं विचारलं जातं. पूर्ण नवी आवृत्ती असेल तर रिप्लेस. मर्ज फक्त मूळ मॉडवर चढवायच्या छोट्या दुरुस्तीसाठी. पूर्ण आवृत्ती मर्ज केली तर जुन्या, आता नको असलेल्या स्क्रिप्ट मागे राहतात आणि दोष शोधता शोधता दमछाक होते.

डाव्या यादीच्या तळाशी 'ओव्हरराइट' नावाची ओळ असते. आतून चालवलेल्या साधनांनी बनवलेल्या नव्या फायली तिथे जमा होतात. तिथला माल सगळ्या मॉडवर मात करतो आणि तो सगळ्या प्रोफाइलना लागू असतो, म्हणून ती जागा रिकामी ठेवणं आवश्यक आहे. उजवं क्लिक करून त्यातून मॉड बनवता येतो. त्याहून चांगला मार्ग असा की प्रोग्रॅमच्या यादीतच प्रत्येक साधनासाठी 'ओव्हरराइटऐवजी या मॉडमध्ये फायली बनवा' हा पर्याय भरून ठेवावा. बॉडीस्लाइडसाठी एक रिकामा मॉड, नेमेसिस या ॲनिमेशनच्या साधनासाठी दुसरा. दूरचं दृश्य तयार करणाऱ्या डिनडोलॉडला मात्र गेम आणि मॉड ऑर्गनायझर या दोन्हींच्या बाहेरचं साधं फोल्डर द्यायचं आणि तयार झालेला माल नंतर नेहमीच्या मॉडसारखा टाकायचा.

प्रोफाइलची सोय फार चांगली आहे. प्रत्येक प्रोफाइलला स्वतःचा क्रम, हवे तर स्वतःच्या आयएनआय आणि स्वतःचे सेव्ह. सेव्ह वेगळे ठेवायचे की नाही हे प्रोफाइल बनवतानाच ठरवा. नंतर बदललं की जुने सेव्ह गायब झाल्यासारखे वाटतात, प्रत्यक्षात ते दुसऱ्या फोल्डरमध्ये सुखरूप असतात. मॉडच्या फायली मात्र सगळ्या प्रोफाइलमध्ये सामायिक असतात, एकीत लपवलेली फाइल दुसरीतही लपते.

व्होर्टेक्स या दुसऱ्या मॉड-व्यवस्थापकाशी तुलना होतेच. तो मॉड डेटा फोल्डरमध्ये हार्डलिंकने (एकाच फाइलला दुसऱ्या ठिकाणाहून दिलेल्या नावाने) जोडतो, त्यामुळे मॉडचं साठवणीचं फोल्डर आणि गेम एकाच ड्राइव्हवर असावे लागतात, तर मॉड ऑर्गनायझरला हे बंधन नाही. पंचवीस-तीस मॉड टाकून निवांत खेळायचं असेल तर व्होर्टेक्स सोपा पडतो आणि बाहेरची साधनंही थेट चालतात. फायलींचा क्रम तिथे मात्र नियम लिहून लावावा लागतो. मॉडची संख्या शंभराच्या पुढे गेली की ओळ धरून खाली ओढण्यातलं सुख कळतं. दोन्ही एकाच गेमवर एकत्र वापरू नयेत. व्होर्टेक्सकडून येत असाल तर आधी त्यात 'पर्ज' करा, म्हणजे जोडलेले मॉड डेटा फोल्डरमधून काढा.

उणिवा आणखीही आहेत. काही अँटिव्हायरस आभासी फोल्डर चालवणाऱ्या डीएलएलला संशयित ठरवून उचलून नेतात आणि गेम मॉडशिवाय उघडतो किंवा उघडतच नाही. मॉड ऑर्गनायझरचं फोल्डर अपवादात टाकणं हा त्यावरचा उपाय. सुट्या फायली लाखांत गेल्या की गेम सुरू व्हायला लक्षात येण्याइतका वेळ लागतो. मुळात डेटा फोल्डरमध्येच असलेल्या फायलींवर, उदाहरणार्थ 'डॉनगार्ड'च्या ईएसएमवर, एसएसईएडिटने केलेली साफसफाई खऱ्या फाइलवरच होते, तिथे आभासी संरक्षण मिळत नाही. त्या फाइलची प्रत आधी मॉड म्हणून ठेवली तर मूळ फाइल वाचते. आणि टिक काढल्याने मॉडच्या फायली जातात, पण त्याच्या स्क्रिप्टनी सेव्हमध्ये लिहिलेलं तिथेच राहतं. चालू खेळातून स्क्रिप्टवाला मॉड काढण्याचा धोका या साधनानेही कमी होत नाही.

दोन्ही याद्यांच्या वर क्रमाची प्रत ठेवण्याचं बटण आहे. 'सॉर्ट' दाबण्याआधी ते दाबा, लूटचा निकाल पटला नाही तर शेजारच्या बटणाने क्षणात पूर्वस्थिती येते. संगणक बदलताना पोर्टेबल फोल्डर पूर्ण उचलून नव्या ड्राइव्हवर ठेवावं, त्याच्या आयएनआयमधला गेमचा पत्ता आणि यादीतल्या प्रत्येक साधनाचा पत्ता बदलावा, एसकेएसईचा लोडर आणि डीएलएल नव्या गेम फोल्डरमध्ये पुन्हा ठेवावं. सेव्ह प्रोफाइलमध्येच असतील तर ते सोबत आलेलेच असतात.