हायफनच्या आधीचा तुकडा : उपसर्ग की समासाचं पूर्वपद?

'एक्स-मिनिस्टर', 'सेल्फ-हेल्प', 'वेल-नोन', 'टी-शर्ट'. हायफन चारही शब्दांत आहे, उपसर्ग मात्र आमच्या मते एकातच. तेव्हा आधी हायफन बाजूला ठेवा. ती लिहिण्याची रीत आहे, शब्दघडणीचा पुरावा नव्हे. 2007 साली शॉर्टर ऑक्सफर्ड कोशाच्या सहाव्या आवृत्तीने सुमारे 16,000 शब्दांमधले हायफन काढले. म्हणून ते शब्द वेगळ्या रीतीने घडलेले ठरले नाहीत. 'री-साइन', म्हणजे पुन्हा सही करणं, यात हायफन येतो तो 'रिझाइन'शी घोटाळा टाळायला. 'अन-अमेरिकन'मध्ये येतो तो पुढचं अक्षर मोठ्या लिपीतलं म्हणून. 'री' आणि 'अन' उपसर्गच राहतात.

खरी कसोटी ही : तो तुकडा त्याच अर्थाने वाक्यात एकटा उभा राहतो का? 'शी सिंग्ज वेल' चालतं, म्हणून 'वेल-नोन' समास. 'नॉन', 'को', 'री' असे उभे राहत नाहीत. 'एक्स' इथे फसवतो. 'माय एक्स' म्हणतात खरं, पण ते 'एक्स-हजबंड'सारख्या शब्दाचं तुटून उरलेलं नाम आहे आणि त्याचा अर्थ जुना जोडीदार एवढाच. 'द मिनिस्टर इज एक्स' कुणी म्हणत नाही. 'एक्स-' उपसर्ग. मराठी प्रतिशब्दावरून ठरवायला गेलात तर हमखास चुकाल : 'माजी' आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहे, म्हणून इंग्रजीतला 'एक्स-' तसा होत नाही.

एकट्या अक्षरांना दुसरी कसोटी लावा : नव्या शब्दांना तो तुकडा त्याच अर्थाने लागतो का? 'ई-बुक', 'ई-तिकीट', 'ई-कॉमर्स', सगळीकडे 'इलेक्ट्रॉनिक'. 'ई-' उपसर्गासारखाच वागतो. बऱ्याच ठिकाणी 'ईमेल'मधला हायफन गेला तरी त्यात फरक पडला नाही. 'टी-शर्ट'मधला 'टी' आणि 'यू-टर्न'मधला 'यू' अक्षराचा आकार दाखवतात, बाकी काही नाही. ते समास.

खरी अडचण 'सेल्फ-'ची. तो सतत पुढे येतो, नव्या शब्दांना सहज लागतो, अगदी उपसर्गासारखा. पण 'सेल्फिश', 'सेल्फलेस' पाहा : इथे 'सेल्फ'लाच प्रत्यय लागलाय, म्हणजे तो मूळ शब्द आहे. शिवाय 'द सेल्फ' हे नाम स्वतंत्र चालतं. काही कोश त्याला 'कम्बायनिंग फॉर्म', म्हणजे दुसऱ्या शब्दाशी जोडून येणारं रूप, असं तिसरंच नाव देतात. शब्दसूचीत उपसर्ग आणि पूर्वपद असे दोनच रकाने असतील तर आम्ही त्याला पूर्वपदाच्या रकान्यात टाकू. मुद्रितशोधनापुरतं पाहायचं असेल तर हा वाद सोडा : 'सेल्फ-हेल्प'मध्ये हायफन ठेवा, 'सेल्फिश'मध्ये नको.